अनुसूयाबाईंची उलटतपासणी

गुरुवारी संध्याकाळी दीक्षितांच्या घरात इंटरनेट आलं आणि शुक्रवारी सकाळी श्रीरंगरावांनी त्याच्यासाठी नियम केले. नियम एकूण अकरा होते. सुवाच्य अक्षरात लिहून त्यांनी तो कागद कॉम्प्युटरच्या वरच्या कडेला चिकटवला. अकरावा नियम पडद्याच्या मध्यावर लोंबत होता, त्यामुळे इंटरनेट बघायचं तर आधी नियम उचलून धरावे लागत. श्रीरंगरावांच्या मते हा दोष नव्हता.

माणूस तसा भित्रा नव्हे, पण बावीस वर्षं विमा कंपनीच्या क्लेम विभागात काढलेला. माणसं कुठे कुठे पडतात, काय काय पेट घेतं, बंद उभी असलेली स्कूटर कुणाच्या अंगावर कशी जाते, याची त्यांच्याइतकी माहिती बेंगळूरच्या अख्ख्या जयनगरात कुणाला नसेल. त्यांची एकुलती एक मुलगी भार्गवी तेव्हा दहावीत होती. अभ्यासाला लागतं म्हणून तिनं वर्षभर मागे लागून हे कनेक्शन घ्यायला लावलं होतं आणि नेमकं त्याच आठवड्यात वर्तमानपत्रात एक लेख आला, ‘तुमचं मूल कुणाशी बोलतंय?’. श्रीरंगरावांनी तो तीनदा वाचला. मग कात्री मागितली.

शेजारच्या घरात नरसिंह मूर्ती नावाचे निवृत्त हेडमास्तर राहत. जगातल्या कुठल्याही अडचणीवर त्यांच्याकडे उपाय असे, आणि तो त्यांनी शाळेत करून पाहिलेला असे.

“दीक्षितरे,” ते कंपाउंडवरून कानडी अदबीनं म्हणाले, “ते फोनच्या तारेतूनच येतं ना? मग झालं. आतल्या खोलीत तुमचा दुसरा फोन आहे, तो उचलायचा आणि ऐकायचं. मी तीस वर्षं दाराला कान लावून वर्ग ऐकलेत. पोरांचं खरं रूप दाराआडूनच कळतं.”

रविवारी सकाळी भार्गवी कॉम्प्युटरपुढे बसली तशी श्रीरंगरावांनी आतला फोन उचलला. मांजर आणि मिक्सर एकाच वेळी ओरडावेत तसा आवाज कानात घुसला. बाहेर कनेक्शन तुटलं. भार्गवीनं पुन्हा जोडलं. दहा मिनिटांनी श्रीरंगरावांनी पुन्हा ऐकलं. सहाव्या वेळी भार्गवी खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

“अप्पा, तुम्ही फोन उचलला की लाइन तुटते.”

“मी फक्त वेळ विचारत होतो. फोनवर सांगतात ना.”

दोघांच्या मधल्या भिंतीवर घड्याळ होतं. दोघांनीही ते पाहिलं.

त्यानंतर वरच्या मजल्यावरच्या अद्वैतचा सल्ला झाला. अद्वैत पुण्याचा. नुकताच नोकरीला लागून बेंगळूरला आलेला, व्हाइटफील्डला जायला सकाळी सातची कंपनीची बस पकडणारा. सॉफ्टवेअरवाला म्हणून श्रीरंगराव त्याला डॉक्टरसारखं वागवत.

“काका, फिल्टर टाकू या,” अद्वैत म्हणाला. “एकदम सिंपल. नको असलेल्या शब्दांची लिस्ट द्यायची. तो शब्द कुठेही आला की पेज ब्लॉक.”

“शब्द कुठले द्यायचे?”

“ते तुम्हीच द्या ना, काका. म्हणजे मी तुमच्यासमोर ते... आय मीन, तुम्ही लिहून द्या.”

श्रीरंगरावांनी यासाठी अर्ध्या दिवसाची रजा काढली. कागद घेऊन बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की मराठी आणि कानडी शिव्यांचा आपला साठा घरंदाज माणसाला शोभणार नाही इतका समृद्ध आहे, पण इंटरनेट इंग्रजीत आहे, आणि इंग्रजीत आपल्याला येतात फक्त चार. आणखी तीन त्यांना ऑफिसच्या जुन्या क्लेममध्ये सापडल्या. दोन स्कूटरवाल्यांचं भांडण साक्षीदारानं शब्दशः नोंदवलं होतं. असे सात शब्द लिफाफ्यात घालून, वर ‘खाजगी’ असं लिहून त्यांनी तो अद्वैतच्या हाती दिला. लग्नाच्या रिसेप्शनला अहेराचं पाकीट घ्यावं तसा अद्वैतनं तो अदबीनं घेतला.

फिल्टरनं सगळ्यात आधी अडवलं ते श्रीरंगरावांनाच. त्यांच्या नावानं उघडलेलं ई-मेल दिसेना. पडद्यावर लाल पाटी येई, ‘हे पान मुलांसाठी अयोग्य आहे’. अद्वैतनं तासभर खटपट केली, मग तो अचानक खोकू लागला. दीक्षित या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग ज्या चार अक्षरांनी संपतं, ती अक्षरं यादीत तिसऱ्या क्रमांकावर होती. चार पिढ्यांपूर्वी कुणा पूर्वजानं यज्ञ करून मिळवलेलं आडनाव आता त्याच्याच पणतवंडासाठी अश्लील ठरलं होतं, आणि ठरवणाऱ्याचं आडनावही तेच होतं.

त्यांची पत्नी अनुसूयाबाई तेव्हा पाटावर बसून अवरेकाळूच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी ताट तोंडासमोर धरलं आणि बराच वेळ खाली घेतलं नाही.

फिल्टर निघाला. मग आरसा आला. हा उपाय मात्र पूर्णपणे श्रीरंगरावांचा. शयनगृहातला मोठा आरसा त्यांनी बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटरसमोरच्या भिंतीवर टांगला, आणि स्वतःची खुर्ची अशी ठेवली की वर्तमानपत्राच्या कडेवरून आरशात पडदा दिसावा. अक्षरं उलटी दिसत, पण त्यावर त्यांनी मेहनत घेतली. आठवड्याभरात त्यांना उलटं इंग्रजी बऱ्यापैकी वाचता येऊ लागलं. एक दुष्परिणाम झाला, तो असा की ऑफिसात सुलटं वाचताना ते अडखळू लागले. पण घर सुरक्षित होतं. भार्गवी काहीबाही टाइप करत असे आणि मधून मधून नुसतं ‘ऑन’ लिहीत असे. कॉम्प्युटर चालू असल्याचं कुणाला तरी कळवत असेल, असं समजून ते समाधानानं पान उलटत.

अनुसूयाबाईंनी या सगळ्यात एकही सल्ला दिला नव्हता. त्या मॅजिस्ट्रेट कोर्टात टायपिस्ट होत्या, अठरा वर्षं. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहायचा, न्यायाधीश सांगायचे आणि बाई टाइप करायच्या. चोर, सावकार, जावई, डॉक्टर, शपथेवर खोटं बोलणारे सगळ्या जातींचे लोक त्यांच्या बोटांखालून गेले होते. घरी आल्यावर त्या फार बोलत नसत. ऐकायचं काम झालेलं असे.

त्या एवढंच करत, की संध्याकाळी शेंगांचं ताट घेऊन भार्गवीच्या शेजारी स्टूल ओढून बसत आणि विचारत, “हे काय आहे गं?” चॅटवर कोण काय लिहितंय ते भार्गवी सांगे. बाई सोलता सोलता ऐकत. “ही पोरगी कुठली?” “शिमोग्याची.” “बरं लिहिते.” आठ-दहा दिवसांत भार्गवी न विचारता सांगू लागली. कधी तिची बोटं दमली तर ती सांगे आणि आई टाइप करे. कीबोर्डकडे न बघता, पाऊस पडावा इतकं भराभर, की पलीकडून विचारणा येई, एवढ्या वेगानं तू कशी काय लिहितेस.

आणि अशाच एका मंगळवारी भार्गवी म्हणाली, “आई, मी एक सांगितलं तर कनेक्शन काढणार नाही ना?”

“मी नाही काढणार,” अनुसूयाबाई म्हणाल्या. वर्तमानपत्राआडून श्रीरंगरावांचा एक पाय हलला. बाई त्या दिशेला न बघता म्हणाल्या, “कुणीच नाही काढणार.”

तर निहार नावाचा एक मुलगा होता. मैसूरचा, सोळा वर्षांचा, दहावीतला. महिनाभर बोलत होता. आधी अभ्यासाचं, मग आवडीनिवडीचं. मग तो घराचा पत्ता विचारू लागला, भेटायचं म्हणू लागला आणि प्रत्येक वेळी वर एक वाक्य जोडू लागला, की घरी सांगू नकोस, मोठ्यांना आपलं कळत नाही.

“मी दर वेळी नाही म्हटलं,” भार्गवी म्हणाली. “नुसतं ‘नो’ लिहायचे.”

श्रीरंगरावांनी वर्तमानपत्र खाली केलं. ‘नो’ हा शब्द आरशात कसा दिसतो, ते त्यांच्या आत्ता ध्यानात आलं. पोरगी त्यांच्या डोळ्यांसमोर महिनाभर एकटी नाही म्हणत होती आणि ते समाधानानं पान उलटत होते.

“पण विद्याश्री हो म्हणालीय,” भार्गवी पुढे म्हणाली. विद्याश्री तिच्या वर्गातली, पहिल्या बाकावरची. “तोच निहार तिच्याशीही बोलतो. शनिवारी चार वाजता ती त्याला भेटणार आहे. बाजाराच्या कॉम्प्लेक्सजवळच्या बेकरीत. मला शपथ घातलीय.”

श्रीरंगराव उठून उभे राहिले. त्यांच्या तोंडून जे वाक्य निघणार होतं त्यात कनेक्शन, शाळा आणि हल्लीच्या मुली हे तिन्ही होतं. बाईंनी फक्त हात वर केला, कोर्टात शिपाई करतो तसा, आणि ते बसले.

“तो आत्ता आहे का गं?”

“आहे.”

“मग तुझ्या नावानं मी दोन प्रश्न विचारते. तू शेजारी बस. चुकीचं लिहीत असेन तर थांबव.”

पुढचा पाऊण तास श्रीरंगरावांनी आरशात पाहिला, आणि नंतर आरसा सोडून बायकोच्या पाठीमागे येऊन उभं राहून सुलटा पाहिला. बाईंनी एकही अडचणीचा प्रश्न विचारला नाही. दहावीचा फॉर्म भरलास का, असं विचारलं. त्यानं हो म्हटलं. शाळेत जेवणाची सुट्टी किती वाजता असते, असं विचारलं, आणि मग दहा मिनिटांनी, दुसऱ्याच बोलण्यात, जेवायला घरी कधी जातोस. दोन उत्तरांत दीड तासाचं अंतर पडलं. बाईंनी ‘ओके’ लिहिलं. मग त्यांनी लिहिलं की आमचे अप्पा क्रिकेटबद्दल बोलू लागले की थांबत नाहीत, त्र्याऐंशी सालचा वर्ल्ड कप सारखा सांगतात, तुझ्याकडेही हाच त्रास आहे का.

पलीकडचा माणूस खुलला. मला विचार, त्यानं लिहिलं. त्या फायनलच्या दिवशी आम्ही हॉस्टेलची अकरा पोरं एका दुकानासमोर रस्त्यावर उभं राहून टीव्ही बघत होतो, हॉस्टेलच्या वॉर्डननं नंतर आत घेतलं नाही.

भार्गवीनं बोटांवर हिशेब केला. “आई, तेव्हा हा एक वर्षाचा असायला हवा.”

“आणि हॉस्टेलात,” अनुसूयाबाई म्हणाल्या.

श्रीरंगरावांना एकदम इतका संताप आला, की वाटलं आता कीबोर्ड ओढून त्या माणसाला यादीतले सातही शब्द लिहावेत. “विचार त्याला,” ते म्हणाले. “तोंडावर विचार.”

“नाही,” बाई म्हणाल्या. “आपण काय बोलून बसलोय ते साक्षीदाराला कळता कामा नये. नाहीतर तो शनिवारी येणार नाही आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या कुणाला तरी भेटेल.” आणि त्यांनी लिहिलं, ‘मजाच आहे. मला जेवायला बोलावताहेत. बाय.’

बावीस वर्षं खोटे दावे ओळखण्याचा पगार घेणाऱ्या श्रीरंगरावांना त्या रात्री जेवताना वाटीतलं सारू सुद्धा मान देऊन प्यावंसं वाटलं. बाईंनीच केलेलं होतं ते.

पण पोलिसांकडे जाण्याचं काम मात्र त्यांनी स्वतःकडे घेतलं. घरातल्या कर्त्या पुरुषाला काहीतरी उरायला हवं. बुधवारी ते ठाण्यात गेले. ड्यूटीवरच्या अधिकाऱ्यानं सगळं ऐकून पेन उघडलं.

“गुन्हा कुठल्या हद्दीत घडला?”

“इंटरनेटवर.”

“इंटरनेट कुठल्या ठाण्याच्या हद्दीत येतं?”

याचा विचार श्रीरंगरावांनी केला नव्हता. मुलगी जयनगरात, माणूस स्वतःला मैसूरचा म्हणवतो आणि त्यांच्यामध्ये जे काही होतं ते तारेत. अधिकाऱ्यानं सहानुभूतीनं पेन बंद केलं. तार म्हणजे टेलिफोन. टेलिफोनच्या ऑफिसात त्रासदायक फोनसाठी एक छापील फॉर्म मिळाला. त्यात ‘घंटी दिवसातून किती वेळा वाजते’ हा रकाना सक्तीचा होता. घंटी वाजतच नाही, असं त्यांनी सांगितलं. मग त्रास कसला, असं खिडकीतल्या बाईंनी विचारलं. गुरुवारी ते पुन्हा ठाण्यात आले तेव्हा कालचे अधिकारी रजेवर होते आणि आजचे पेन उघडून म्हणाले, “गुन्हा कुठल्या हद्दीत घडला?”

शुक्रवारी अनुसूयाबाई गेल्या. श्रीरंगराव मागून छत्री घेऊन गेले. ऊन नव्हतं, पाऊस नव्हता, पण हातात काहीतरी हवं. बाईंनी कोर्टाच्या जेवणाच्या सुट्टीत सगळं संभाषण टाइपरायटरवर उतरवलं होतं, ओळींना आकडे घालून, दोन कार्बन कॉपींसह. कॉम्प्युटरवर त्यांचा विश्वास होता, पण इतका नाही. त्या टेबलापर्यंत पोचायच्या आत कोपऱ्यातून एक पांढऱ्या मिशांचा हेड कॉन्स्टेबल उठला.

“अक्का, तुम्ही इथं कसं काय?”

हे नागोजीराव. घराणं मराठ्यांचं, पण सात पिढ्या इकडेच, त्यामुळे मराठी घरच्या देवासारखी जपलेली आणि तितकीच जुनी. साक्षीसाठी ते कोर्टात इतक्या वेळा आले होते, की त्यांची साक्ष बाईंना पाठ होती. उभ्या उभ्या त्यांनी कागद वाचला. सतराव्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. तिथं हॉस्टेल होतं.

“माझी नात आठवीत आहे,” ते म्हणाले. “हद्द वगैरे राहू द्या. बेकरी तर आमच्याच हद्दीत येते नव्हं? सरी, ठरलं. उद्या चार वाजता.”

विद्याश्रीला काय सांगायचं हा प्रश्न भार्गवीनं सोडवला. शपथ मोडल्याचं तिनं स्वतःच कबूल केलं आणि सतरावी ओळ तिच्यापुढे ठेवली. विद्याश्रीनं वाचली, मनातल्या मनात वजाबाकी केली. मग म्हणाली, “माझ्या अम्माला तुझी आई सांगेल का? मला नाही जमणार.” अनुसूयाबाई त्याच संध्याकाळी जाऊन आल्या. तिथं काय बोलणं झालं ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, श्रीरंगरावांनाही नाही.

शनिवारी बेकरीत श्रीरंगरावांकडे काम होतं सहज बसण्याचं. अनुसूयाबाई काउंटरपाशी पाव निवडत होत्या. नागोजीराव साध्या कपड्यांत रस्त्यापलीकडे पानाच्या गादीशी होते, आणि त्यांचा एक तरुण शिपाई, साध्याच कपड्यांत, दाराजवळ. त्याला सांगितलं होतं, चाळिशीपुढचा, इस्त्रीच्या कपड्यातला, अस्वस्थ, सारखा दाराकडे बघणारा इसम. श्रीरंगराव शेहेचाळीस वर्षांचे होते. शर्ट कडक इस्त्रीचा होता. सहज बसण्याच्या प्रयत्नात त्यांनी एक दिलपसंद आणि तीन खारा बन संपवले होते, आणि चार वाजत आल्यापासून त्यांची नजर दारावरून हलली नव्हती.

चार वाजून दोन मिनिटांनी त्यांच्या खांद्यावर एक जड हात पडला.

“कुणाची वाट बघताय, साहेब? जरा बाहेर चला.”

श्रीरंगरावांच्या तोंडात बन होता. खुलासा बाहेर येईना. बाकीची गिऱ्हाइकं वळून बघू लागली. त्यांतले दोघे त्यांच्याच ऑफिसच्या खालच्या मजल्यावरचे होते.

“त्यांना सोडा,” काउंटरकडून शांत आवाज आला. अनुसूयाबाई पावाची पिशवी घेऊन उभ्या होत्या. “हे आमचे. तुमचा माणूस पलीकडच्या टेबलावर आहे. शाळेच्या युनिफॉर्मातली प्रत्येक मुलगी आत आली की तो आधी तिच्याकडे बघतो, मग घड्याळाकडे. पाचवी झाली आता.”

पलीकडच्या टेबलावरचा माणूस उठला, पण दारात नागोजीराव येऊन पोचले होते.

श्रीरंगरावांना नंतर आठवत राहिलं ते त्या माणसाचं साधेपण. त्यांनी मनात कुणी गुंड रंगवला होता. हा तर चौकड्यांचा शर्ट, खिशाला पेन, हातात चॉकलेटचा रिबन बांधलेला डबा. ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसला असता तर त्यांनी त्याला डब्यातली भाजी दिली असती.

ठाण्यात नागोजीरावांनी बाईंचे कागद पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचले. माणूस आधी म्हणाला मी नव्हेच. मग हॉस्टेल आलं, दुकान आलं, अकरा पोरं आली, आणि तो खाली बघू लागला. त्याच्या बॅगेत एक लिफाफा निघाला, त्यात पाच-सहा मुलींची पत्रं आणि फोटो होते. तो बघून रजेवरून परतलेल्या अधिकाऱ्यानं हद्दीचा प्रश्न पुन्हा विचारला नाही. कलम कुठलं लावायचं यावर दोन दिवस खल झाला, पण माणूस तोवर आतच राहिला आणि लिफाफ्यात जिचं नाव सापडलं त्या प्रत्येक मुलीच्या घरी नागोजीराव स्वतः गेले, गणवेश न घालता.

त्यांतल्या दोन घरांतल्या आयांनी अनुसूयाबाईंना भेटायला बोलावलं. नरसिंह मूर्तींनी कंपाउंडवरून त्यांचं अभिनंदन केलं आणि हे आपण मुळातच सुचवलं होतं असं श्रीरंगरावांना सांगितलं. अद्वैत तर त्या टायपिंगवर असा लट्टू झाला, की ऑफिसातल्या दोन मित्रांना बघायला घेऊन आला. बाईंनी तिघांना उप्पिट्टू दिलं आणि टाइप करून दाखवायला नकार दिला.

श्रीरंगराव हे सगळं बघत होते. मत्सर वाटेल अशी त्यांना भीती होती, पण तो आलाच नाही. आला तो एक साधा प्रश्न. पोरीनं हे तिला सांगितलं. मला का नाही?

उत्तर त्यांना माहीत होतं म्हणून त्यांनी तो कुणालाच विचारला नाही.

बुधवारी ते अंगणात सायकलचं चाक भरत होते, तेव्हा भार्गवी बाहेर आली. पायरीवर बसली. उठली. पुन्हा बसली.

“अप्पा. त्या लिफाफ्यात माझाही फोटो असेल.”

पंपाचा दांडा अर्ध्यावर थांबला.

“पहिल्याच आठवड्यात पाठवला होता. पोस्टानं. परीक्षेच्या फॉर्मसाठी काढलेला, एक उरला होता तो. आईला पण नाही सांगितलं. नागोजीमामा आपल्याकडे आले नाहीत, कारण मागे नाव नव्हतं लिहिलेलं.”

श्रीरंगरावांच्या तोंडाशी ती सगळी वाक्यं एकदम येऊन उभी राहिली, बावीस वर्षांच्या अपघातांसकट. त्यांनी पंपाचा दांडा सावकाश खाली नेला. चाकात हवा गेली. दुसऱ्यांदा नेला.

“बरं झालं सांगितलंस,” ते म्हणाले. “चप्पल घाल. घेऊन येऊ.”

ठाणं चालत वीस मिनिटांवर होतं. नागोजीरावांनी वहीत नोंद केली, सही घेतली आणि खटला संपला की फोटो परत देऊ म्हणाले. तोवर कपाटाला कुलूप आहे आणि किल्ली माझ्याकडे, हेही सांगितलं. फोटोत भार्गवीच्या दोन वेण्या होत्या आणि ती परीक्षेला बसल्यासारखी गंभीर दिसत होती.

परत येताना बाजाराच्या गर्दीत दोघं एकापाठोपाठ एक चालत होते. रस्ता मोकळा झाला तशी ती त्यांच्या बरोबरीनं आली.

“अप्पा, तुम्हाला राग नाही आला?”

“आलाय,” श्रीरंगराव म्हणाले. “पुष्कळ आलाय. पण तो माझा आहे, त्याचं मी बघेन. तू सांगत जा.”

मग फुलवाल्यांच्या ओळीपाशी आल्यावर तिनं वर्गातलं दुसरंच काहीतरी सांगायला सुरुवात केली, बरंच लांबलचक, आणि श्रीरंगराव घर येईपर्यंत एकदाही मध्ये बोलले नाहीत.